चटणी क्षेत्र व तदनुषंगिक बाबी

गाळा भाड्यानं द्यायचा, एवढंच ठरलं होतं. यात जगावेगळं काही नाही. कोल्हापूरजवळ कळंब्याच्या आमच्या रस्त्यावर अलीकडच्या घरात गाळा होता, पलीकडच्या घरात होता, दोन्हीकडं भाडेकरू होते आणि त्या घरांतल्या नवराबायकांचं एकमेकांशी बोलणं चालू होतं. आमच्याकडं मात्र वर्ष संपायच्या आत माझ्याच घरात माझ्याच भाकरीवर चटणी ठेवायला कायद्यानं बंदी आली. आणि तो कायदा मी स्वतः लिहिला होता.

साल अठ्ठ्याण्णव. घर नुकतंच बांधून झालं होतं. आमच्या मीनाबाई सरकारी दवाखान्यात हेड सिस्टर, त्यामुळं कर्ज त्यांच्या पतपेढीचं आणि घराच्या उताऱ्यावर नावही त्यांचंच. फाटकावरची पाटी मात्र माझी: ‘दादासो रा. कांबळे, पाटबंधारे खाते’. पाटी संगमरवरी आहे. उतारा काय, नुसता कागद.

गाळ्याचं शटर बसलं त्याच दिवशी समोरच्या धोंडुबाई रस्ता ओलांडून आल्या. त्यांच्या म्हशी आहेत आणि म्हशींइतकीच ठाम मतं आहेत.

“दादासो, बेकरीवाल्याला देऊ नको, झुरळं हुत्यात,” त्या म्हणाल्या. “वेल्डिंगवाल्याला देऊ नको, डोळं जात्यात. शिकवणीवाल्याला तर अजाबात न्हाय, सायकली माझ्या गोठ्याम्होरं लागत्यात.”

“मग द्यावा कुणाला?”

“रिकामा ठेव की. माझी पेंड ठेवायला हुईल.”

असा आठवडाभर सल्ला खाल्ल्यावर नेसरीचा आकाराम आला. चाळिशीचा, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतनं त्यानं मूठभर संकेश्वरी मिरची काढून माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, “पावणं, वास घ्या.” मी घेतला. नंतरचं सगळं बोलणं मी रुमालातनं केलं.

त्याला मिरची कांडपाचं मशीन बसवायचं होतं. उन्हाळ्यात घरोघरच्या बायका वर्षाची चटणी कांडायला आणतात, त्यावर त्याचा भरवसा. पण त्याची एक अट होती. तालुक्याच्या गावी त्यानं आधी असाच गाळा घेतला होता. धंदा चालतोय बघून तिथल्या मालकानं वरच्या मजल्यावर स्वतःचंच कांडप टाकलं आणि आकारामाला बाहेर काढलं.

“तसं परत नको व्हायला, मालक,” तो म्हणाला. “कागदावर लिवून द्या. या घरात दुसरं कांडप न्हाय.”

मला ‘मालक’ म्हणणारा तो आयुष्यातला पहिला माणूस. पाटबंधारे खात्यात मला ‘कांबळे’ म्हणतात आणि घरात ‘अहो’. मी म्हटलं, “आकाराम, असं लिहून देतो की माझ्या मनात आलं तरी मला करता येणार नाही.” हे वाक्य खरं ठरलं.

करार वकिलाकडून लिहून घ्यावा असं कुणीही म्हणालं असतं. पण आमच्या बैठकीत बाबासाहेबांचा फोटो आहे. ज्यांनी देशाची घटना लिहिली त्यांच्या फोटोखाली बसून आपण एक साधा भाडेकरार दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा, हे मला पटेना. शिवाय खात्यात टिपण्या लिहिण्यात माझी हयात गेलेली. प्रत्येक टिपणी ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत यायची आणि चर्चा कधी व्हायची नाही. माझ्या मसुद्याला न्याय मिळेल अशी ही पहिलीच संधी होती. मी एका पानात करार लिहिला आणि तिथंच थांबलो असतो, पण मध्ये वीज कचेरी आली.

मशीनला थ्री फेज लागत होतं. आम्ही दोघं अर्ज घेऊन गेलो. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज चष्म्याच्या वरून वाचला.

“कांडप हे कुठल्या क्षेत्रात बसतं?”

“गाळ्यात बसतं,” आकाराम म्हणाला.

“तसं नव्हे. खाद्य प्रक्रिया धरलं तर हा अर्ज. सेवा धरली तर दुसरा. पिठाची गिरणी धरली तर खिडकी वेगळी. आमच्याकडं मिरचीचा रकाना नाही. करारात क्षेत्र स्पष्ट करून आणा, व्याख्येसकट.”

आकारामाचा चेहरा पडला. मला मात्र आनंद झाला. घटनेतसुद्धा व्याख्यांचं वेगळं कलम आहे. माझ्या करारात नव्हतं, ही त्रुटी एका अनोळखी साहेबानं दाखवून दिली, म्हणून मी त्यांना चहा पाजला.

व्याख्या म्हटल्यावर मी शेजारच्या आण्णांना गाठलं. आण्णा कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त होऊन एकटेच राहतात आणि दिवसभर कुणी कायद्याचं विचारायला येतंय का याची वाट बघत व्हरांड्यात बसतात. त्यांनी माझं एक पान वाचून बाजूला ठेवलं.

“कांबळे, करार लिहिताना समोरचा माणूस चोर हाय असं धरायचं.”

“पण आण्णा, या कलमात बंदी माझ्यावर आहे. समोरचा माणूस मीच.”

“मग तुमी चोर. धरा.”

मी धरलं. रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी आण्णांच्या व्हरांड्यात बसून चोरासारखा विचार करायचो. मी म्हणायचो, समजा मी कांडप टाकलं नाही, नुसत्या मिरच्या वाळवल्या तर? आण्णा म्हणायचे, “वाळवणे घाला.” नुसते देठ काढले तर? “देठ घाला.” मी म्हणेन, मी धंदा करत नाही, हौसेनं करतोय. “नफ्यासाठी असो वा नसो, घाला.” मी म्हणेन, मी नाही केलं, बायकोनं केलं. “पत्नी घाला. अपत्यं घाला. पाव्हणं घाला.” पाव्हणे घातल्यावर पाव्हण्यांची व्याख्या आली: मुक्कामाला आलेले, जेवून गेलेले आणि नुसता चहा घेऊन गेलेले. मी इतका पक्का चोर झालो की शेवटी आण्णाच माझ्याकडं संशयानं बघायला लागले.

तयार झालेली व्याख्या मला अजून पाठ आहे. ‘चटणी क्षेत्र म्हणजे मिरची निवडणे, देठ काढणे, वाळवणे, भाजणे, कुटणे, कांडणे, चाळणे, कांदा-लसणात घोळणे, बरणीत भरणे, साठवणे, बाळगणे, देणे, घेणे व तदनुषंगिक सर्व बाबी, मग त्या नफ्यासाठी असोत वा नसोत.’ या क्षेत्रात मालकाने, गाळा वगळून उर्वरित इमारतीत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष पाऊल ठेवायचं नाही. ‘इमारत’ म्हणजे पायापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. ‘बरणी’ म्हणजे काचेचं, चिनीमातीचं वा धातूचं कोणतंही भांडं. उल्लंघन झाल्यास माल जप्त करून लवादाच्या ताब्यात द्यायचा. लवाद आण्णा, कारण ते फुकट होते.

मीनाबाईंना हे सगळं मी दाखवणार होतो. पण त्यांची ड्यूटी, माझी कचेरी. शिवाय ‘मालकानं’ करार केला की घरात वेगळं सांगायला लागतं असं मला वाटलं नाही.

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं मसुदा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “साहेब, कांडप हाय का साखर कारखाना?” नोटरीनं शिक्का मारला. आम्ही तो गठ्ठा घेऊन वीज कचेरीत गेलो. साहेबांनी पानं मोजली, वाचलं काहीच नाही, आणि अर्जावर क्षेत्राच्या रकान्यात शिक्का उमटवला: ‘इतर’. मला ते फार लागलं. आकाराम मात्र खुशीत होता. त्याला वीज मिळाली होती.

पाडव्याला कांडप सुरू झालं. धाड धाड आवाजानं भिंतीवरची घड्याळं तिरकी झाली, धोंडुबाईंच्या म्हशी शिंकल्या, पण पिशव्या घेऊन बायका यायला लागल्या. मी संध्याकाळी फाटकाशी उभा राहून पाटीवरची धूळ पुसायचो. मालक म्हणून बरं दिसायचं.

मग एका रविवारी मीनाबाईंनी गच्चीवर जुनी लुगडी अंथरून मिरच्या वाळत घातल्या.

वर्षाची चटणी हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं काम. पुण्याला लेकीकडं, संघप्रियाकडं, डबा जातो, दवाखान्यातल्या दोन सिस्टरांना जातो, आणि उरलेल्यावर मी वर्षभर जगतो. मीनाबाई खाली उतरल्या तेव्हा आकारामानं गाळ्यातनं विचारलं, “वैनी, कांडायला कवा आणताय?”

“बयाबाईकडं टाकणार हाय,” मीनाबाई सहज म्हणाल्या. तळ्याच्या बाजूला बयाबाईचं जुनं कांडप आहे. वर्षानुवर्षं आमची चटणी तिथंच व्हायची.

त्या वेळी गाळ्यासमोर बायका नंबर लावून उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडं बघितलं, आणि दोघींनी पिशव्या उचलल्या.

संध्याकाळी आकाराम वर आला. करार त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता.

“मालक, मला भांडायचं न्हाय,” तो म्हणाला. “पन मालकिनीचाच इश्वास न्हाय म्हटल्यावर आमी कशाला टाकावं, असं बायका म्हनाल्या. मी शेत भावाकडं सोडून आलोय. हितं कांडप बंद पडलं तर नेसरीत कुठल्या तोंडानं जाऊ? वैनींनी माझ्याकडं टाकावं. न्हायतर करारापरमानं गच्चीवरची मिरची उचलावी.”

मी करार काढला. वाळवणे: होतं. पत्नी: होती. गच्ची: टाकीच्या खाली, म्हणजे इमारतीत. मला खोटं कशाला बोलायचं, त्या क्षणी थोडा अभिमानच वाटला. कुठंच फट नव्हती.

मीनाबाईंना मी समजावून सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “माझी चटणी मी कुणाकडं कांडायची, हे तुम्ही दोघांनी ठरिवलंय?”

“तसं नव्हे. चटणी क्षेत्रात...”

“कसलं क्षेत्र?”

मी व्याख्या म्हणून दाखवली. त्या मध्येच उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आण्णा जप्तीला आले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोट घातला होता. मिरच्या पोत्यात भरून सुतळीवर लाख लावली. पंच म्हणून धोंडुबाईंनी अंगठा दिला. त्यांना सही येते, पण पंचनाम्याला अंगठा शोभतो असं त्यांचं मत आहे. सगळं आटोपत आलं तेव्हा आण्णांनी शिरस्त्याप्रमाणं विचारलं, “आणखी काही माल?”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण कलमात ‘बाळगणे’ हा शब्द मी स्वतः घातला होता, आणि तो वाया जावा असं मला वाटेना. मी म्हटलं, “स्वयंपाकघरात गेल्या सालातली अर्धी बरणी आहे.”

आण्णा बरणी घेऊन गेले. मीनाबाईंनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं त्या इंजेक्शनला घाबरणाऱ्या पेशंटकडं बघतात.

त्या दिवसापासून घरात कायद्याचं राज्य सुरू झालं. मऊ भात, दुधी, वरणाचं पाणी. मीठसुद्धा बेतानं. मी तक्रार केली तर मीनाबाई म्हणायच्या, “करारात बसणारं एवढंच हाय.” त्या स्वतः दवाखान्यात सिस्टरांच्या डब्यात जेवून यायच्या. पुण्याहून संघप्रियाचा फोन आला, “पप्पा, चटणी कधी पाठवताय?” मी म्हटलं, “बाब न्यायप्रविष्ट आहे.” तिनं फोन आईला द्यायला सांगितला.

कोल्हापुरात माणूस चटणीवाचून किती दिवस राहू शकतो यावर कुणी संशोधन केलेलं नाही. मला कचेरीत चक्कर यायला लागली. एका दुपारी अर्धी रजा टाकून घरी आलो, तर गाळ्यात आकाराम जेवायला बसला होता. पुढ्यात ज्वारीची भाकरी, त्यावर चटणी, चटणीत तेल.

“मालक, बसा,” तो म्हणाला.

“आपला वाद चालू आहे, आकाराम.”

“वाद हाय की. जेवायला काय धाड भरली? गाळा वगळूनच हाय न्हवं करारात?”

खरंच, गाळा वगळलेला होता. सगळ्या घरात तेवढीच एक जागा होती जिथं मला कायदेशीर चटणी खाता येत होती. मी पोत्यावर बसलो आणि पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. तिखटामुळं नव्हे.

“रंग जरा काळपट वाटतोय,” दुसऱ्या भाकरीला मी म्हणालो.

“मशीन तापतंय. थांबून थांबून कांडावं तर बायका घाई करत्यात.”

मी मान वर केली तेव्हा दारात मीनाबाई उभ्या होत्या. ड्यूटीवरनं आल्या होत्या, पांढऱ्या साडीतच. त्यांनी माझ्या हातातल्या भाकरीकडं बघितलं, आकारामाच्या ताटाकडं बघितलं. त्याच्या ताटात अर्धीच भाकरी उरली होती, बाकीच्या माझ्याकडं आल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या एवढंच म्हणाल्या, “आण्णांना सांगा, उद्या सुनावणी घ्या.”

आण्णा सुनावणीला तयारच होते, कारण जप्त मिरची त्यांच्या कॉटखाली होती आणि त्यांना झोप नव्हती. डोळे लाल, नाक लाल. व्हरांड्यात ते खुर्चीवर, आम्ही बाकावर, फाटकाबाहेर सगळी गल्ली.

“वादीचं म्हणणं...” आण्णा म्हणाले आणि शिंकले. “प्रतिवादीचं...” परत शिंकले. बराच वेळ न्यायदान तेवढ्यावरच थांबलं.

मीनाबाई उभ्या राहिल्या. “आण्णा, मी नुसतं एक विचारते. बंदी कुणावर हाय?”

“मालकावर. आणि त्याच्या पत्नीवर, अपत्यांवर, पाव्हण्यांवर.”

“मालक कोण?”

“मी,” मी म्हणालो.

“व्याख्या वाचा.”

मी पानं उलटली. आण्णांनी पानं उलटली. चटणी होती, मिरची होती, देठ होता, बरणी होती, नुसता चहा घेऊन गेलेला पाव्हणा होता. मालक नव्हता.

“त्याला काय व्याख्या लागते?” मी म्हटलं. “पाटी आहे की फाटकावर.”

मीनाबाईंनी पर्समधनं घराचा उतारा काढून आण्णांच्या पुढ्यात ठेवला. आण्णांनी तो चष्मा पुसून वाचला. मग ते माझ्याकडं बघत राहिले. कोर्टात एवढी वर्षं काढलेल्या माणसानं एवढा करार लिहून घेतला आणि उतारा मागितला नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

“कांबळे,” ते म्हणाले, “ज्याचं घर न्हाय त्यानं करार केलाय. हा करार जन्मला तवाच...” आणि इतक्या जोरात शिंकले की ‘मेला’ हा शब्द आम्ही अंदाजानं घेतला.

गल्लीत कुजबुज झाली. धोंडुबाई मोठ्यानं म्हणाल्या, “म्हंजे गाळा मोकळाच की. माझी पेंड...”

आकाराम मात्र पायरीवर मटकन बसला. टोपी काढून हातात घेतली. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की करार गेला म्हणजे त्याची जागाही गेली. मी माझ्या शब्दांचा विचार करत होतो आणि हा माणूस आपलं शेत सोडून त्या शब्दांवर बसला होता. मला स्वतःची लाज वाटली.

“आकारामदादा, उठा,” मीनाबाई म्हणाल्या. “मालकाला विचारलंत, आण्णांना विचारलंत, वीज कचेरीला विचारलंत. ज्या बाईची चटणी, तिला एकदा येऊन का विचारलं न्हाय?”

“चुकलं, वैनी.”

“भांडण चालू असताना तुम्ही ह्यांना ताटातली भाकरी दिली. मी बघितलंय. असा माणूस चटणी मुद्दाम खराब करणार न्हाय. मिरची तुमच्याकडंच कांडायची. पण मी शेजारी बसणार, आणि मी थांब म्हटलं की मशीन थांबणार. मागं किती का बायका असंनात.”

“व्हय, वैनी.”

मग त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

“बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून लिहिलंत न्हवं? त्यांनी लिहिलेल्या घटनेतला पहिला शब्द कुठला?”

मला माहीत होता. शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. ‘आम्ही’. पण तो मला तिथं, सगळ्या गल्लीसमोर, मोठ्यानं म्हणता आला नाही.

त्या रविवारी मीनाबाई गाळ्यात खुर्ची टाकून बसल्या. मशीन धडधडायचं, त्यांचा हात वर व्हायचा, आकाराम बटण दाबायचा, सगळे गप्प उभे राहायचे. चटणी निवली की हात खाली. वॉर्डात त्यांच्यापुढं डॉक्टरही असेच उभे राहतात म्हणे. संध्याकाळी जी चटणी निघाली तिचा रंग बघायला धोंडुबाई म्हशीची धार अर्धी टाकून आल्या. सोमवारी गाळ्यापुढची रांग आमच्या फाटकापर्यंत आली आणि बायका पाटीला टेकून उभ्या राहायला लागल्या. पाटीवर काय लिहिलंय ते कुणी वाचत नव्हतं.

नवा करार अर्ध्या पानाचा झाला. टायपिस्टची निराशा झाली, कारण त्याला पानावर पैसे मिळायचे. मीनाबाईंनी उभ्याउभ्या सांगितलं: ‘आम्ही, मीनाबाई दादासो कांबळे, मालक, आणि आकाराम, भाडेकरू...’ व्याख्या एकच: ‘चटणी म्हणजे मालकीण चांगली म्हणेल ती.’ मी हळूच सुचवलं की पुढं ‘व तदनुषंगिक बाबी’ घालावं. कुणी टाइप केलं नाही.

साक्षीदार दोन. पहिल्या धोंडुबाई, अंगठ्यानं. खाली माझं नाव. टायपिस्ट नवीन नियमाप्रमाणं साक्षीदाराचं मालकाशी नातंही लिहायचा. त्यानं कागद यंत्रात सरळ केला आणि मान वर न करता विचारलं, “हे साहेब मालकिणीचे कोण?”

मीनाबाईंनी माझ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं.

“इतर लिहा,” मी म्हणालो.

त्यानं तसंच लिहिलं, आणि मीनाबाईंनी ते खोडायला सांगितलं नाही.